पालथ्या बशीखालची पावली

श्रीवर्धनच्या बाजारात कोणी दिलेला शब्द फिरवला, की लोक म्हणतात, ‘ही धर्माची बशी झाली.’ बोर्लीपर्यंत म्हणतात. म्हसळ्याच्या बाजारातही मी ऐकलं आहे. परगावच्या माणसाने अर्थ विचारला तर सांगतात की धर्मा नाखवा म्हणून एक कोळी आहे, त्याने आपली शिडाची होडी, मचवा, विकण्याचा विसार उचलला आणि दुसऱ्या दिवशी ‘मी उचललाच नाही’ म्हणाला. ही गोष्ट मी गिऱ्हाइकांपुढे चहा ठेवता ठेवता किती वेळा ऐकली असेल! कधी मधे बोललो नाही. विसाराची ती पावली धर्मा नाखव्याने उचलली नव्हती, मी उचलली होती. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मालकांना नाही. देवापुढे उभा राहिलो तरी दुसरंच काहीतरी मागून परत येतो.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे मागितलं ते वेगळंच होतं. “इतकी वर्षं हॉटेलात काढलीत, बक्षिशीचे चार गमतीदार किस्से लिहा. दिवाळीत माणसांना हसू यायला हवं,” असं त्यांचं म्हणणं. किस्से आहेत, आणि आधी तेच लिहितो. ते सांगितल्याशिवाय माझा घोटाळा कसा झाला हे कळायचं नाही. तो घोटाळा होता की सरळ चोरी, हे मात्र मला स्वतःलाही अजून नीट कळलेलं नाही. वाचणाऱ्याला कळलं तर त्याने मला सांगावं.

माझं गाव म्हसळ्याच्या अलीकडे, भातशेतीचं. विशीत मुंबईला गेलो आणि एका चहाच्या हॉटेलात लागलो. बाहेरच्यांना वाटतं, वेटरचं काम म्हणजे कप नेणं नि कप आणणं. खरं काम डोळ्यांचं असतं. कोणाला अजून एक चहा हवा आहे, कोणाला उठायचं आहे पण सोबतचा बोलायचा थांबत नाही, कोण पैसे न देता सटकणार आहे, हे सगळं न बघितल्यासारखं बघायचं. बक्षिशीच्या वेळी तर बघायचंच नाही. गिऱ्हाइकाचा हात खिशाकडे गेला, की आपण शेजारच्या टेबलाकडे वळावं. हाताकडे बघितलं तर त्याला वाटतं हा मागतो आहे, तोंडाकडे बघितलं तर वाटतं हा आपली किंमत करतो आहे. तो उठून गेला की मग कपबशी उचलावी, आणि तीही अशी की बशीतलं नाणं वाजता कामा नये. वाजलं की गल्ल्यावरची मान वर होते.

गल्ल्यावरच्या मानेची भीती अशासाठी, की त्या हॉटेलात बशीतला पैसा वेटरचा नव्हता. तो डब्यात टाकायचा. डबा होळीला आणि दिवाळीला उघडे, आणि त्यातलं आमच्या हातात काय येई नि मालकाच्या हातात काय राही, हे तोच जाणे. रोजची गिऱ्हाइकं हे ओळखून होती. ज्यांना आमची दया येई ती नाणं टेबलावर ठेवून वर बशी पालथी घालीत. पालथी बशी म्हणजे ‘हे तुझं, मालकाचं नाही.’ आम्ही वेटर पालथी बशी लांबूनच ओळखत असू आणि ती उचलायला एकमेकांच्या आधी धावत असू.

अशाच एका बशीखालचा आणा माझ्या सदऱ्याच्या घडीतून वाकताना खाली पडला. भरल्या हॉटेलात मालक ‘चोर’ म्हणाला आणि मला तिथल्या तिथे काढलं. गावी कोणाला कारण सांगितलं नाही. मुंबईची हवा सोसली नाही म्हणालो आणि श्रीवर्धनला अण्णांच्या हॉटेलात लागलो.

अण्णांचं हॉटेल बंदरावरून बाजारात येणाऱ्या रस्त्यावर. मुंबईची आगबोट लांब पाण्यात उभी राही, होड्या माणसं आणून किनाऱ्यावर सोडीत, आणि ओल्या धोतराने जो तो पहिल्यांदा आमच्याकडे चहाला येई. तिथे मी बक्षिशीचं नवं शास्त्र शिकलो. मुंबईहून घरी येणारा चाकरमानी हमखास ठेवी. तोच माणूस परत जाताना माझ्याशी डोळा भिडवीत नसे, कारण गावाने त्याचा खिसा धुऊन काढलेला असे. म्हसळ्याकडचे मुसलमान खलाशी परदेशी जहाजांवरून सुट्टीवर येत. ते बशीत काही ठेवीत नसत, सरळ हातात देत आणि वर विचारीत, “पोरं किती रे तुला? एवढ्यात सगळ्यांना खाऊ येईल ना?”

एक बागाईतदार भटजी होते. आपल्याच उष्ट्या बशीत नाणं ठेवणं त्यांना पटत नसे. ते माझ्या तळहातावर वरून पैसा सोडीत आणि दर वेळी म्हणत, “दक्षिणा नव्हे हो ही, बक्षीस आहे. दक्षिणा आम्ही घेतो, देत नाही.” शेजारी अण्णांच्या मेहुण्याचं माडीचं दुकान होतं, तिथली तऱ्हा आणखी निराळी. तिथे पिणारा वाढणाऱ्याला ‘एक तुझ्या नावाने’ म्हणून गडू मागवी. वाढणाऱ्याने तो हसून घ्यायचा, वळून परत मडक्यात ओतायचा आणि दुकान बंद होताना त्याचे पैसे मालकाकडून घ्यायचे. खरंच पिणारा गडी तिथे महिनाभर टिकत नसे.

आणि एक कारकून होते. पाहुणे बरोबर असले की बशीत दोन आण्यांची चवली ठेवीत, सगळ्यांना दिसेल अशी. पाहुणे पायरी उतरले की ‘छत्री राहिली’ म्हणून परत येत आणि चवली उचलून नेत. एकदा मी त्यांच्या आधी उचलली. मग ते कितीतरी दिवस फिरकले नाहीत. आले ते एकटेच, आणि हळूच म्हणाले, “गोविंदा, ती चवली तुझी नव्हती रे. ती दाखवायची होती.”

“मग आता काय करू? आणून देऊ?”

“छे, छे! आता दिलीच म्हणायची. पण पुढच्या वेळी माझ्या छत्रीवर लक्ष ठेव, चवलीवर नको.”

हा किस्सा मी वर्षानुवर्षं सांगत आलो आणि लोक हसत आले.

कोळी मंडळी मात्र पैसा ठेवीतच नसत. पैसा देणं त्यांना दुकानदारीचं वाटे. ओळखीचा नाखवा आठ-पंधरा दिवसांनी पानात बांधलेले सोडे नाहीतर सुके बोंबील आणून माझ्यापुढे टाकी. “घे, तुजा वाटा.” मी त्याच्या मचव्यावर गेलेलो नसे, जाळ्याला हात लावलेला नसे, तरी वाटा. नको म्हटलं तर राग येई. धर्मा नाखव्याने तर एकदा सुनावलं होतं, “तू चा देतंस तवा मी नको म्हंतो काय?”

आता त्या रीतीकडे येतो. बंदरावरचे सौदे आमच्या हॉटेलात ठरत. सुपारी, सुकी मासळी, होड्या, बैल, काय वाटेल ते. घासाघीस झाली की घेणारा एक नाणं विसार म्हणून समोरच्या बशीत ठेवी आणि उठून बाहेर जाई. देणाऱ्यावर नजर ठेवून बसणं म्हणजे त्याचा गळा धरण्यासारखं, असं मानीत. मागे एकटा बसलेला देणारा विचार करी. पटलं तर नाणं उचलून घरी जाई, सौदा पक्का. नाही पटलं तर नाण्यावर बशी पालथी घालून जाई. घेणारा परत येऊन आपलं नाणं काढून घेई, आणि ‘नाही’ हा शब्द कोणाला तोंडाने काढावा लागत नसे. जुने लोक सांगत, चहा येण्याआधी हे नारळाच्या करवंटीने चाले. कागद नाही, अंगठा नाही, साक्षीदार नाही. बशी बोले ते खरं.

मी लागलो त्याच आठवड्यात अण्णांनी मला हे सांगितलं होतं. “गोविंदा, सौद्याच्या बशीला हात लावायचा नाही. ती टेबलावर चार तास पडली तरी पडू दे.” हे मी ऐकलं होतं. पण त्याच वेळी दुधाचा रतीब, पाण्याची कावड, कोणाला उधार द्यायचं नि कोणाला नाही, असं किती काय काय सांगितलं होतं! म्हणजे मला माहीत होतं. पण त्या दिवशी, त्या क्षणी, मला माहीत होतं का? इथेच मी दर वेळी अडतो.

धर्मा नाखवा तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, उंच, हळू बोलणारा. मुलगा मुंबईला गोदीत लागला होता आणि परत यायचं नाव घेत नव्हता, म्हणून मचव्याचा प्रश्न उभा राहिला. हरजीवनशेठ गुजराती, सुपारीचे व्यापारी. त्यांना माल मुंबईला न्यायला स्वतःचा मचवा हवा होता. माणूस सरळ. कोणाची पै बुडवली असं मी कधी ऐकलं नाही.

पावसाळा संपून बंदर उघडलं होतं. दुपारची वेळ, आगबोट येऊन गेली होती, हॉटेलात बसायला जागा नव्हती. दोघे कोपऱ्यातल्या टेबलावर होते. मी येता-जाता तुकडे ऐकत होतो.

“नाखवा, मचवा किनाऱ्यावर सुकवून काय करणार? मी तेने पाण्यात ठेवीन.”

“मचवा माजा हाय शेठ. सुकवीन न्हायतर बुडवीन.”

“बुडवा ने! पण आधी मला विका. मग तुमच्या डोळ्यांसमोर मीच बुडवतो.”

नाखवा हसला. शेठ हसले. आकडा माझ्या कानावर आला होता आणि तो चांगला होता. मी चुलीकडे गेलो. शेठांनी पावली बशीत ठेवली तेव्हा मी आत होतो, हे शपथेवर सांगतो. बाहेर आलो तेव्हा शेठ दारातून जात होते. “गोविंद, नाखव्यांना अजून एक चहा, माझ्या नावाने,” एवढं म्हणून गेले.

चहा नेला तेव्हा नाखवा म्हणाला, “गोविंदा, घरची बाय म्हंते ईक. मचवा म्हंतो ईकू नको.”

“मचवा बोलतो तुमच्याशी?”

“बोलतो. पन बायपेक्षा कमी बोलतो.”

त्या वेळी त्याच्यासमोर बशीत पावली चमकत होती का? असणारच. मी बघितली का? कधी वाटतं, बघितली. कधी वाटतं, इतक्या वर्षांत इतक्यांदा मनाशी बघितली म्हणून आता बघितल्यासारखी वाटते.

पुढच्या खेपेला आलो तर नाखवा गेलेला. टेबलावर एक बशी पालथी. मी ती उचलली आणि खाली पावली. माझी पहिली जाणीव खुशीची होती, हे लपवत नाही. मुंबईनंतर पालथ्या बशीखालचं नाणं पहिल्यांदाच माझ्या हाताला लागत होतं, आणि तेही पावली, चार आणे! वाटलं, कधी पैसा न ठेवणाऱ्या नाखव्याने मचव्याच्या खुशीत मला झाकून बक्षिशी दिली. पावली कनवटीला लावली आणि टेबल पुसलं. डब्यात टाकली नाही. अण्णांकडेही डबा होता, पण अण्णा त्यातली पै न् पै आम्हाला वाटीत. म्हणजे इथे लपवायचं काही कारणच नव्हतं. तरी लपवली. बक्षिशी समजलो होतो तर लपवली का? आणि चोरी समजत होतो तर खुशी का झाली? या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत.

थोड्या वेळाने हरजीवनशेठ परत आले. पुसलेल्या टेबलाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“काय गोविंद, नाखवा पावली घेऊन गेले ने?”

मला तेव्हा सगळं कळलं. अण्णांचं बोलणं, सौद्याची बशी, सगळं एकदम. कनवटीला हात घालून ‘शेठ, चुकलं, ही घ्या तुमची पावली, बशी पालथी होती’ एवढंच म्हणायचं होतं. पण गल्ल्यावर अण्णा बसले होते, आणि त्यांची मान वर झाली होती. मला ते मुंबईचं हॉटेल दिसलं, खाली पडलेला आणा दिसला. ‘कनवटीला का लावलीस?’ हेच ते पहिलं विचारणार होते.

मी होकाराची मान हलवली.

वेटर दिवसभर मान हलवीत असतो, त्यातलीच ही एक, असंही मी मनाला सांगून बघितलं आहे. पटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठांची माणसं मचवा पाण्यात लोटायला किनाऱ्यावर गेली. शेठांनी मचवा हाकायला तांडेल ठरवला होता, वाडीवाल्यांना मालाचा शब्द दिला होता. नाखवा म्हणाला, “कसला सौदा? मी बशी पालथी घातली.” शेठ आले. “बशी टेबलावर नव्हती, पावली नव्हती, मी माझ्या डोळ्यांनी जोयलं.” आवाज चढले. अखेर कोळीवाड्यातले चार वडीलधारे, बाजारातले चार व्यापारी आणि मागे बघे, असे सगळे आमच्या हॉटेलापुढे जमले.

अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, “मी गल्ल्यावर होतो, तो कोपरा मला दिसत नाही. गोविंदा होता. आणि आधीच सांगतो, माझा गोविंदा डब्यात टाकल्याशिवाय कोणाचा पैसाही ठेवत नाही.”

माझ्यावर संशय घ्यावा असं तिथे एकाच्याही मनात आलं नाही. सौद्याच्या बशीला हॉटेलवाला हात लावील, ही गोष्ट त्या बंदरावर कधी घडलीच नव्हती.

कोळीवाड्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, “बोल बाबा, तू टेबल पुसलंस. बशी सरळ व्हती का पालथी?”

मी म्हणालो, “सरळ होती. रिकामी.”

नाखव्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी कदाचित बोललो असतो. राग नव्हता. रस्ता चुकलेला माणूस वाटेतल्याकडे बघतो, तशी ती नजर होती. त्याची बायको गर्दीत उभी होती, ती म्हणाली, “घेतली आसंल यानंच. रातभर मचवा मचवा करीत व्हता. तोंडानं सांगाया जीव व्हईना, आन् आता नाय म्हंतो.” बाकीचे हसले. ‘धर्माची बशी’ हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले ते त्याच सकाळी, बघ्यांपैकी कोणाच्या तरी तोंडून.

दुपारी नाखवा एकटाच हॉटेलात आला. चहा मागितला नाही. मला कोपऱ्यातल्या त्या टेबलाशी घेऊन गेला आणि बसला, जसा आदल्या दिवशी बसला होता तसाच.

“गोविंदा, मी हितं व्हतो. व्हय ना?”

“होय, नाखवा.”

“बशी हितं व्हती. मी ती उचलली, आशी, आन् पैशावर ठेवली.” त्याने रिकाम्या हाताने करून दाखवलं. “पन तू बोल्लास सरळ व्हती. तू कशाला खोटा बोलशील? तुला काय मिलायचा हाय त्यात?”

मी पुसलेलंच टेबल पुन्हा फडक्याने पुसू लागलो.

“घरी कंबर झाडली. टोपी झाडली. पावली न्हाय. बाय म्हंते वाटंत पडली आसंल. मंग मी आठवाया बसलो. पयल्यांदा आठवलं ती पालथी बशी. मंग तू काय बोल्लास ते आठवलं. मंग परत आठवाया गेलो, तर पावली उचलतोय आसंबी आठवतंय रं. माजा हातच मला सांगत न्हाय त्यानं काय केलं.” तो आपल्या हाताकडे बघत होता. “तू मला उचलताना बघितलास काय?”

“बघितलं नाही,” मी म्हणालो. “पण बशी रिकामी होती.”

“मंग उचलली आसंल,” तो म्हणाला आणि उठला.

मचवा त्याने त्याच दिवशी दिला. शेठांनी ठरलेला आकडा पुरा मोजला. वर त्या पावलीचा विषयही काढला नाही. इतकंच नव्हे, तर म्हणाले, “नाखवा, झालं ते झालं. मचवा तुमच्या हाताखालचा, तुम्हीच तांडेल व्हा, पगार देईन.” नाखवा नको म्हणाला. “ज्याचा शब्द फिरला त्याच्या मागं खलाशी कशे येतील, शेठ? वाऱ्यात मी डावीकडं म्हंटलं तर ते दोनदा विचार करतील. तेवढ्यात बुडतील.”

मी कितीतरी दिवस हिशेब मांडून बघत होतो की नुकसान झालं ते कोणाचं. नाखव्याला किंमत बरोबर मिळाली. त्याच्या बायकोला विकायचाच होता, तिचं झालं. शेठांना मचवा मिळाला. माझी नोकरी राहिली. मग हे रोज घशाशी येतं ते काय? पावलीचं मी काय केलं हेही आठवत नाही. खर्चली असणार. काय घेतलं, कोणाला दिलं, काही नाही. नाखव्याला न घडलेलं आठवतं आणि मला घडलेलं आठवत नाही.

एक नुकसान मात्र डोळ्यांदेखत झालं. त्या वर्षापासून बंदरावर बशीचे सौदे हळूहळू बंद पडले. व्यापारी म्हणू लागले, बशीवर काय जातं, कागद करा. कागद आला, त्यामागे लिहिणारा आला, साक्षीदार आले, साक्षीदारांचा चहा आला. अण्णांचा धंदा त्याने वाढला आणि आमची बक्षिशीही वाढली, कारण कागदावरचे सौदेवाले बशीत खुशाल नाणं ठेवून जात. ते निःशंक माझं असे. प्रत्येक वेळी बशी उचलताना मी आधी ती सरळ आहे का ते बघत असे, आणि सरळ असूनही आजूबाजूला विचारत असे, “हे कोणाचं राहिलं का?” लोकांना त्यात माझा प्रामाणिकपणा दिसे. अण्णा नव्या पोरांना सांगत, “गोविंदाकडे बघून शिका.” हे ऐकून घेणं ही माझ्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट होती. भरलेली किटली घेऊन गर्दीतून जाणं त्यापुढे काहीच नाही.

नाखवा हॉटेलात येत राहिला. मासळीचा वाटा आणायचं त्याने सोडलं, कारण मचवा नव्हता. आता तो चहाचे पैसे देई आणि वर माझ्यासाठी एक पैसा देई, पण माझ्या हातात, मुठीत दाबून. “हातात घे. बशीत नको. बशीत ठेवला तर मंग मला आठवत न्हाय ठेवला का न्हाय.” दारापर्यंत जाऊन परत येई. “गोविंदा, चाचे पैशे दिले ना मी?”

“दिलेत, नाखवा.”

“नक्की?”

“नक्की.”

पुढेपुढे घरातही तेच सुरू झालं. दार लावलं का, दिवा मालवला का, देवाला नारळ दिला का, सगळं तो दुसऱ्याला विचारून खात्री करी. लोक म्हणत, मचवा गेल्यापासून म्हातारा भ्रमिष्ट झाला. वयाने झाला असेल, मचव्याने झाला असेल, माझ्या एका वाक्याने झाला असेल. कोणत्या कारणाने किती, हे कोण सांगणार? वैद्याला विचारावं म्हटलं तर आधी रोगाचं कारण सांगावं लागेल.

आता मीच पन्नाशीकडे आलो आहे. हॉटेल अण्णांच्या मुलाने घेतलं, मी गल्ल्यावर बसतो. नाखवा घराबाहेर पडत नाही. मी कधीमधी कोळीवाड्यात जातो, बिस्किटं नेतो. गेल्या खेपेला गेलो तर त्याच्या बायकोने दारातूनच आत आवाज दिला, “उठा, तुमचा साक्षीदार आलाय.” ती टोमणा मारीत नव्हती. घरात माझं नावच ते पडलं आहे. नाखवा भिंतीला टेकून बसला आणि त्याने माझा हात हातात घेतला.

“गोविंदा, बशी सरळच व्हती ना रं?”

त्याची बायको चुलीपाशी होती. शेजारची दोन माणसं पडवीत जाळं विणत होती. मला बोलायला यापेक्षा बरी वेळ मिळणार नव्हती. आणि माझी मान हलली, होकाराची, त्या दिवसासारखीच.

“मंग बरोबर,” तो म्हणाला आणि डोळे मिटले.

घरी आलो आणि संपादकांना किस्से लिहायला घेतले, त्याचं हे झालं. हरजीवनशेठ हे वाचतील, त्यांना वाचायची आवड आहे. ते मला काय म्हणायचं ते म्हणतील. त्यांची पावली मी त्यांना परत नेऊन देईन. अण्णांच्या मुलाने मला कामावरून काढलं तरी माझी तक्रार नाही. पण धर्मा नाखव्याला अक्षर येत नाही. हा अंक कोळीवाड्यात जायचा नाही, आणि गेला तरी त्याला कोणी वाचून दाखवील आणि तो त्यावर विश्वास ठेवील, असं मला वाटत नाही. त्याचा विश्वास माझ्या तोंडावर आहे. म्हणून इथे लिहून काही फिटलेलं नाही. त्याच्या पडवीत, त्याची बायको आणि शेजारी ऐकत असताना, ‘नाखवा, बशी पालथी होती, तुम्ही नाहीच म्हणाला होता’ असं मी त्याला तोंडाने सांगायचं आहे. एवढं त्याचं माझ्याकडे येणं आहे, आणि ते मी अजून दिलेलं नाही.